ईएफ २६, आणि डॉक्टर म्हणतात आज ती बरी आहे

लेकीला डायलेटेड कार्डिओमायोपथी आहे, म्हणजे हृदयाचा स्नायू अशक्त होऊन हृदय ताणलं गेलंय, फुगलंय, हे कळल्यापासून घरातल्या सगळ्यांचा एकच प्रश्न, ईएफ किती? ईएफ म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तातलं किती टक्के प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकलं जातं तो आकडा. सासऱ्यांना हार्टचा त्रास असल्यामुळे ईएफ हा प्रकार आमच्याकडे आधीपासून सगळ्यांना तोंडपाठ, इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला की रिपोर्टमधला तो टक्का बघायचा आणि त्यावरून माणूस किती आजारी ते ठरवायचं. तिचा निघाला २६. नॉर्मल ५५ च्या वर. मग काय, फोनवर फोन आणि प्रत्येकाला तोच आकडा सांगायचा. पण पाच महिन्यांच्या बाळाचं हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाला शरीराचं काम झेपेनासं होणं, किती सिरियस आहे हे ठरवताना डॉक्टर त्या आकड्यावर अवलंबून नसतात, निदान एकट्या त्याच्यावर तरी नाहीच, आणि हे मला सगळ्यातून जाताना हळूहळू कळत गेलं. म्हणून लिहितेय. ज्यांच्या घरी असं काही नुकतंच कळलंय त्यांना निदान डॉक्टर काय बघतायत, तेच तेच का विचारतायत, एवढं तरी समजेल.

आधी थोडक्यात. ती दूध प्यायला वेळ लावायला लागली होती, मध्ये मध्ये सोडून द्यायची, कपाळावर आणि डोक्यावर घाम, खोकला थोडा. सर्दी-कफ असेल असंच वाटलं सगळ्यांना, औषधंही तीच सुरू होती. मग वजन वाढेना म्हणून एक्स-रे काढला तर हृदयाची सावली छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून खूपच जास्त. तान्ह्या बाळांची ती सावली मोठ्या माणसांपेक्षा थोडी मोठी दिसतेच म्हणे, ०.५५ पर्यंत चालतं, हिची ०.६५ च्या आसपास होती. तिथून थेट मुलांच्या हार्ट स्पेशालिस्टकडे.

आम्हाला वाटलेलं गेल्या गेल्या मशीनवर घेतील. मॅडमनी आधी बसवलं आणि म्हणाल्या, "मला फक्त तिचं दूध पिणं सांगा. एका वेळी किती पिते, किती वेळ लागतो, मध्ये कितीदा थांबते, थांबते तेव्हा श्वास कसा असतो." मी सांगितलं की पूर्वी १२०-१३० मिलि सहज प्यायची, आता ८० वर येऊन थांबते आणि त्याला पाऊण तास जातो, अर्ध्यातच दमून झोपते आणि मग भुकेने लगेच उठते. त्या हे सगळं लिहून घेत होत्या, मिलिसकट, मिनिटांसकट. मला कळेना की हृदयाच्या डॉक्टरला दुधाचा एवढा हिशोब कशाला हवा. नंतर त्यांनीच सांगितलं, मोठ्या माणसाला जिना चढवून बघता येतं, धाप लागते का विचारता येतं, तान्ह्या बाळाची दिवसातली सगळ्यात मोठी मेहनत म्हणजे दूध ओढणं, तीच त्याची ट्रेडमिल टेस्ट. मोठ्यांसाठी १९२८ पासून एनवायएचए (न्यूयॉर्क हार्ट असोसिएशन) नावाचे चार वर्ग वापरतात, चालताना दम लागतो का, बसल्या जागी लागतो का, असे, पण तान्ह्याला ते लागू कसे करणार, म्हणून १९८७ मध्ये रॉस नावाच्या डॉक्टरांनी लहान मुलांसाठी वेगळे चार वर्ग मांडले, आणि पुढे १९९२ मध्ये बाळांसाठी गुण देण्याची पद्धत आली. पहिला वर्ग म्हणजे काहीच त्रास नाही. दुसरा, दूध पिताना थोडी धाप किंवा घाम. तिसरा, दूध पिताना चांगलीच धाप आणि घाम, प्यायला खूप वेळ आणि वाढ खुंटलेली. चौथा, काही न करता नुसतं पडल्या पडल्या धाप, बरगड्या आत ओढल्या जातात, कण्हल्यासारखा आवाज येतो.

दुधाचं झाल्यावर तिचे सगळे कपडे काढायला सांगितले, फक्त डायपर ठेवला, आणि मॅडम नुसत्या बघत उभ्या राहिल्या. हात नाही लावला, स्टेथोस्कोप नाही. मला तर वाटलं काही तरी विसरल्या. त्या श्वास मोजत होत्या, पोटाकडे बघून, पूर्ण एक मिनिट. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही असं त्यांनी सोबतच्या ज्युनियर डॉक्टरला तिथेच सांगितलं कारण बाळं कधी भरभर श्वास घेतात कधी क्षणभर थांबतात, सगळा हिशोब चुकतो. ६४ आले, तेही झोपलेली असताना. या वयात ५० च्या वर म्हणजे जास्तच. मग हात गरम करून (खरंच हातावर हात चोळून) पोटावर ठेवला आणि बोटाची कड खालून हळूहळू वर सरकवत नेली, उजव्या बाजूला, लिव्हरची कड लागेपर्यंत. तिथे पेनने एक बारीक रेघ मारली. बरगडीच्या खाली जवळजवळ तीन सेंटीमीटर. मोठ्यांच्या पायावर सूज येते तसं बाळांत सहसा होत नाही, मानेवरची शीर बघायची तर मान इतकी आखूड की दिसतच नाही, त्यामुळे पाणी साठलंय की नाही हे लिव्हर सांगतं, फार तर डोळ्यांभोवती थोडी सूज. पण त्यातही गंमत आहे, छातीत कफ होऊन फुप्फुसं फुगली असतील तर ती लिव्हरला खाली ढकलतात आणि ते उगाच मोठं वाटतं, म्हणून मॅडमनी बोटांनी टकटक करून लिव्हरची वरची कडही शोधली. ती पेनची रेघ पुढे बरेच दिवस तिच्या पोटावर होती, पुसट झाली की सिस्टर परत मारायच्या, आणि मी रोज बघायची की कड रेघेच्या वर गेली का खाली.

मग छातीच्या मधल्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून सोडला आणि पांढरा पडलेला ठसा परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघितलं. दोन सेकंदांच्या आत व्हायला हवा. झाला, जेमतेम. हातपाय चाचपले. चारही हातापायांचं बीपी. ठोके १६८. आणि स्टेथोस्कोपमध्ये हृदयाच्या दोन आवाजांच्या जागी तीन, घोडा दौडल्यासारखे, गॅलप म्हणतात त्याला.

या सगळ्याचे गुण त्यांनी कागदावर मांडले तेव्हा मी शेजारीच होते म्हणून बघता आलं. दूध साडेतीन औंसापेक्षा कमी पण अडीचपेक्षा जास्त (एक औंस म्हणजे साधारण ३० मिलि), एक गुण. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ, एक. श्वास ६० च्या वर, दोन. श्वासाची पद्धत बिघडलेली, एक. ठोके १६० ते १७०, एक. हातापायाला रक्त पोहोचतंय, शून्य. तिसरा आवाज, एक. लिव्हर दोन ते तीन सेंमी, एक. बारापैकी आठ. दोनपर्यंत फेल्युअर नाही, तीन ते सहा सौम्य, सात ते नऊ मध्यम, दहा ते बारा गंभीर. आणि वर्ग तिसरा. अजून इको झालेलाच नव्हता हो! मशीनला हात न लावता त्यांनी ठरवलं होतं की हिला आजच ॲडमिट करायचं, आयसीयूत, आणि साठलेलं पाणी काढायला शिरेतून लघवीचं औषध सुरू करायचं.

इको त्यानंतर. झोपेचं औषध द्यायचं नव्हतं कारण अशक्त हृदयाला तेही जड जाऊ शकतं, म्हणून थोडं दूध पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि अंधाऱ्या खोलीत मी तिच्या तोंडात बोट देऊन उभी. बराच वेळ चालला. ईएफ निघाला तो याच इकोत, २६. डाव्या कप्प्याची रुंदी मिलिमीटरमध्ये होतीच पण त्याच्या पुढे झेड-स्कोअर लिहिलेला, +५. तेवढ्याच अंगाच्या निरोगी मुलांपेक्षा किती लांब आहोत ते हा आकडा सांगतो, शून्य म्हणजे सरासरी, +२ च्या वर म्हणजे मोठं झालंय. मूल वाढतं तसं हृदयही वाढणारच, त्यामुळे नुसत्या मिलिमीटरला काही अर्थ नसतो. इको करताना एका गोष्टीवर त्या खूप वेळ अडकल्या, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन नळ्या नेमक्या कुठून निघतात ते शोधत होत्या. काही बाळांत डावी नळी जन्मतःच चुकीच्या जागेवरून, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतून निघालेली असते, आणि चित्र अगदी असंच दिसतं, फुगलेलं अशक्त हृदय, पण ते ऑपरेशनने दुरुस्त करता येतं. ईसीजीतही त्याच्या खुणा बघितल्या. ठोक्यांची लय बिघडून, खूप दिवस फार वेगाने पळून हृदय थकलंय असं तर नाही, तेही ईसीजीतच बघतात. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, थायरॉइड, कार्निटिन, सगळं रक्तातून तपासलं, कारण कॅल्शियम फार कमी झालं तरी बाळाचं हृदय असं होऊ शकतं आणि ते भरून काढलं की सुधारतं. आमच्याकडे यातलं काहीच निघालं नाही. प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल आला की लोक म्हणायचे चला बरं झालं, आणि मला रडू यायचं, कारण दुरुस्त होण्यासारखं एकेक कारण यादीतून कटत चाललं होतं.

एनटी-प्रोबीएनपी नावाची, हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची टेस्ट, तिचा आकडा पाच अंकी. खाली छापलेलं नॉर्मल तीन अंकी. हे वाचून नवऱ्याचे हातपाय गळाले. सिस्टरनी सांगितलं की लॅब खाली छापते ती मर्यादा बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते, लहान मुलांत वयानुसार वेगळी, नुकत्याच जन्मलेल्या एकदम धडधाकट बाळाचाही आकडा पहिले काही दिवस हजारांत असतो. शिवाय किडनीवर ताण असेल तरी वाढतो. त्याचा खरा उपयोग आजचा आणि पुढच्या आठवड्याचा शेजारी ठेवून बघायला, चढतोय का उतरतोय.

आता माझा मुख्य मुद्दा. शिरेतून औषध सुरू झाल्यावर पहिल्यांदा तिचं वजन घटलं. इथे वजन वाढत नाही म्हणून आम्ही हवालदिल आणि हे घटलं, तर सिस्टर खूश! साठलेलं पाणी निघून गेलं होतं. रोज सकाळी दूध द्यायच्या आधी, डायपर काढून, त्याच काट्यावर वजन करायचे, कारण एका दिवसात एकदम शंभर-दीडशे ग्रॅम वाढलं तर ती वाढ नसते, पाणी असतं. या वयात खरी वाढ दिवसाला साधारण १५-२० ग्रॅमची. श्वास ६४ वरून पन्नाशीच्या आत आले, लिव्हरची कड रेघेच्या चांगली वर सरकली, दूध अर्ध्या तासात संपायला लागलं, माझ्याकडे बघून हसली. मॅडम म्हणाल्या आता दुसऱ्या वर्गात आली. आणि मग परत इको. ईएफ २७.

घरी सगळे खचले. इतकं करून एक टक्का? मी मॅडमना तेच विचारलं, जरा चिडूनच. त्या म्हणाल्या, "२६ आणि २७ मध्ये काही फरक नाही, मीच उद्या परत केला तर २४ येईल किंवा २९ येईल. तुम्ही दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र करताय. बाळ आज कसं आहे हा एक प्रश्न, हृदय कसं आहे हा दुसरा. आज बाळ बरं आहे. हृदय तसंच आहे, त्याला महिने लागतील." मला हे पटायला वेळ लागला पण सगळ्यात कामाचं वाक्य तेच निघालं.

आणि ते पटलं ते खरं शेजारच्या बेडमुळे. तिथलं बाळ दोन महिन्यांचं, हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक, व्हीएसडी. त्याचा ईएफ ७०. माझ्या लेकीच्या जवळजवळ तिप्पट. आणि ते बाळ तिच्यापेक्षा जास्त आजारी! नुसतं पडलं असलं तरी छातीखाली खड्डा पडायचा, नाकपुड्या फुलायच्या, दूध नळीने. त्याच्या आईशी बोलल्यावर कळलं की जन्मल्यावर पहिले काही आठवडे ते अगदी ठीक होतं, कारण तेव्हा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या अजून आवळलेल्या असतात, त्या मोकळ्या झाल्या की मग भोकातून रक्ताचा लोंढा तिकडे जायला लागतो, म्हणून एक-दोन महिन्यांनी त्रास दिसतो. पंप जोरात चालतोय पण पाइपच फुटका, त्यातला दम. ईएफ बघून ठरवलं असतं तर ते वॉर्डातलं सगळ्यात निरोगी बाळ ठरलं असतं. त्याचं ऑपरेशन झालं आणि त्याचा प्रश्न बराचसा सुटला, आमचा औषधांवर चालू आहे, म्हणजे आज कोण जास्त आजारी आणि पुढे कोणाला जास्त दिवस लागणार याची उत्तरंसुद्धा उलटी निघाली.

वॉर्डात एक अकरा वर्षांचा मुलगाही होता, त्याची तर वेगळीच कथा. पोटदुखी आणि उलट्या, ॲसिडिटी समजून बरेच दिवस औषधं झालेली. मोठ्या मुलांत हार्ट फेल्युअर असं पोटातून दिसतं बऱ्याचदा, लिव्हर आणि आतडी सुजतात ना. त्याला विचारलं दम लागतो का, तर नाही. खेळतोस का, हो रोज. मग मॅडमनी विचारलं काय खेळतोस, फुटबॉल. कुठे, गोलकीपर. आधीपासून? तर नाही, आधी फॉरवर्डला होता, या वर्षी गोलकीपर झाला. त्याच्या आईलाही हे माहीत नव्हतं. मुलं तक्रार करत नाहीत, गुपचूप कमी करून टाकतात. त्याला कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवून किती मीटर झाले ते मोजलं, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून. पुढे बरा झाल्यावर तोंडाला मास्क लावून सायकलवरची टेस्ट करणार होते.

एक गोष्ट मात्र भीतीदायक आहे आणि सांगायलाच हवी. आयसीयूत एका रात्री तिचे श्वास कमी झालेले दिसले आणि मी आनंदाने सिस्टरना सांगितलं, तर त्या धावत आल्या. बाळ जागं करून बघितलं, रडतं का, रंग कसा, हातपाय गरम आहेत का. ती ठणठणीत होती, फक्त गाढ झोपलेली. पण दमलेलं बाळ श्वास घ्यायचं कमी करतं, तेव्हा आकडा छान दिसतो आणि बाळ गळून गेलेलं असतं. डॉक्टर राउंडला नेहमी दोनच गोष्टी बोलायचे, ओलं का कोरडं, गरम का गार. ओलं म्हणजे पाणी साठलंय, गार म्हणजे शरीराला रक्त पुरत नाहीये, हातपाय थंड, लघवी कमी, बाळ मलूल, रक्तात लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की साठणारं आम्ल) वाढलेलं. आमची ओली पण गरम होती. गार झाली असती तर हृदयाला जोर देणारं औषध सतत शिरेतून द्यावं लागलं असतं, आणि ओलं आणि गार दोन्ही असलेलं बाळ सगळ्यात काळजीचं.

घरी पाठवताना एक वही करायला सांगितली. त्यात झोपेतले श्वास, दूध किती आणि किती वेळात, घाम, ओले डायपर किती, आठवड्याचं वजन. औषधं चार, लघवीचं, रक्तवाहिन्या सैलावणारं, स्पायरोनोलॅक्टोन (तेही लघवीचंच, पण वेगळ्या प्रकारचं), आणि नंतर कार्व्हेडिलॉल (ठोके हळू करून हृदयावरचा भार कमी करणारं) अगदी थेंबाथेंबाने वाढवत. पुढचं काय हे मी सरळ विचारलं आणि मॅडमनी सरळ सांगितलं, या आजारात काही मुलांचं हृदय पूर्ववत होतं, काहींचं तसंच राहून औषधांवर चालतं, काहींना ट्रान्सप्लांटपर्यंत जावं लागतं, आणि ती कुठल्या गटात जाईल हे एका इकोवरून कोणी सांगू शकत नाही, सहा महिने-वर्षभराचे इको ओळीने लावून बघायचे.

आता ती वर्षाची होऊन गेलीय. शेवटचा ईएफ ३८, झेड-स्कोअर +३ च्या खाली. अजून नॉर्मल नाही. पण वर्ग पहिला, म्हणजे घाम नाही, धाप नाही, वाढीच्या तक्त्यावरची वजनाची रेघ स्वतःच्या लाईनवर परत आलीय. प्रश्नही बदलले, दुधाचे मिलि आता कोणी विचारत नाही, रांगताना मध्ये थांबून बसते का, धरून उभी राहते तेव्हा ओठ कसे दिसतात, इतर मुलांबरोबर टिकते का, हे विचारतात. दूध आणि श्वासाचे ते बारा गुणांचे निकष तान्ह्या बाळांसाठीच होते, या वयाला ठोक्यांची आणि श्वासांची मर्यादाही वेगळी, आता श्वास ४० च्या वर गेले की आम्ही फोन करायचा. मागच्या महिन्यात ताप आला तेव्हा केला होता. तापातही श्वास वाढतात म्हणून आधी ताप उतरवून, ती झोपल्यावर परत मोजायला सांगितले, ३६ आले, आणि मॅडम म्हणाल्या लघवी नीट होतेय ना, मग सकाळी या, आत्ता नको. सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलंच, ईएफ केला का? नव्हता केला. लागलाच नाही.